प्राण, प्राणवायू आणि लोणावळ्याची प्रयोगशाळा

२०२१ चा एप्रिल महिना. सीनेच्या काठचे आमचे नागापूर आता नगर शहरातच जमा झाले आहे. एका अंगाला जुने गाव, दुसऱ्या अंगाला एमआयडीसीच्या शेडची रांग. त्या महिन्यात शेडमधले गॅस कटिंग बंद पडले, कारण केंद्र सरकारने उद्योगांचा ऑक्सिजन थांबवून तो दवाखान्यांकडे वळवला होता. एरवी लोखंडाच्या प्लेटा कापणारे सिलिंडर माणसांसाठी धुऊन-पुसून उभे राहू लागले. आमच्या गल्लीतले नाना निवृत्त फिटर. सगळी नोकरी त्यांनी अशा सिलिंडरांच्या संगतीत काढली होती. त्यांच्या बोटावरचे ऑक्सिमीटर त्या आठवड्यात ८८ दाखवत होते.

कोणीतरी त्यांना मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली होती. भस्त्रिका करा, प्राणवायू वाढतो. नाना दोन दिवस खाटेवर बसून भाता चालवावा तसा श्वास चालवत राहिले. आकडा मध्येच ९० वर जाई आणि पुन्हा खाली येई. तिसऱ्या दिवशी मुलाने त्यांना दवाखान्यात नेले. १९ दिवसांनी ते परत आले, पण जिना चढताना अजूनही दोनदा थांबतात. बरे झाल्यावर त्यांनी मला विचारले, "सर, प्राणायामात प्राणवायू वाढत नसेल, तर त्याला प्राणायाम म्हणायचे तरी कशाला?"

प्रश्न रागाचा नव्हता, फसवले गेल्याचा होता. उत्तर शोधताना कळले की हा प्रश्न नव्वद-शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातच विचारला गेला होता आणि नानांच्या गैरसमजाचे मूळ बऱ्याच अंशी आपल्या भाषेत आहे. हा लेख त्या दोन्ही गोष्टींचा.

एका शब्दाची कुळकथा

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातले रसायनशास्त्रज्ञ हवेचे घटक वेगळे करू लागले. ज्वलनाला आणि श्वसनाला लागणारा वायू हाती आला तेव्हा काही काळ त्याला ‘जीवनदायी हवा’ अशा अर्थाचे नाव होते. पुढे लव्हाझिएने त्याला ऑक्सिजन म्हटले. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘आम्ल उत्पन्न करणारा’. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, अशी त्याची समजूत होती. ती चुकीची ठरली, पण नाव टिकले.

हे रसायनशास्त्र एकोणिसाव्या शतकात भारतीय भाषांत येऊ लागले तेव्हा दोन वाटा होत्या. बंगालीने शब्दाचा अर्थ घेतला आणि ‘अम्लजान’ असा शब्द चालवला. मराठीने वायूचे काम पाहिले आणि ‘प्राणवायू’ हा शब्द स्वीकारला. जुन्या मराठी पुस्तकांत नत्रवायू, उज्जवायू, कर्बवायू यांच्या पंगतीत प्राणवायू बसला. शब्द सोपा, गोड, पोराटोरांना कळणारा.

अडचण एवढीच की हा शब्द रिकामा नव्हता, त्यात आधीच कोणी राहत होते. आयुर्वेदात आणि योगात प्राण हा शरीरातल्या पाच वायूंपैकी एक. प्राण, अपान, व्यान, उदान, समान. नाकातून येणारी हवा एवढाच त्याचा अर्थ कधी नव्हता. गिळणे, शिंकणे, हृदयाचे चलन, मनाचे स्थैर्य अशी कितीतरी कामे त्याच्याकडे. हवेतल्या सुमारे २१ टक्के भागाला त्याचेच नाव मिळाले, तेव्हा दोन वेगळ्या विचारपद्धतींतल्या वस्तू एकाच नावाने वावरू लागल्या. शाळेत ‘प्राणवायू’ शिकलेल्या माणसाने ‘प्राणायाम’ हा शब्द ऐकला की त्याच्या मनात बेरीज आपोआप होते. प्राणायाम म्हणजे प्राणवायू भरून घेणे.

वास्तविक ‘आयाम’ म्हणजे लांबवणे, आवरणे. पतंजलीच्या योगसूत्रांत प्राणायामाची जी व्याख्या आहे ती श्वास आणि प्रश्वास यांची गती तोडण्याची आहे. तिचा रोख हवा थांबवण्यावर आहे, जास्त हवा घेण्यावर नाही. हठयोगाच्या ग्रंथांतही कुंभकाला, म्हणजे श्वास रोखण्याला, मुख्य स्थान आहे. नानांनी विचारलेला प्रश्न पतंजलीला पडलाच नसता, कारण त्याच्यासमोर ऑक्सिजन नव्हता.

फुप्फुस कुठे होते?

प्राचीन शारीरशास्त्राकडे पाहिले की हे आणखी स्पष्ट होते. सुश्रुतसंहितेत फुप्फुसाचा उल्लेख आहे, पण हृदयाच्या डाव्या बाजूच्या अवयवांत, प्लीहेच्या जोडीला. उजवीकडे यकृत आणि क्लोम. हे क्लोम म्हणजे नेमके काय, उजवे फुप्फुस, स्वादुपिंड की आणखी काही, यावर विसाव्या शतकातल्या वैद्यांनी भरपूर वाद घातला. चरकसंहितेत प्राण वाहून नेणाऱ्या स्रोतसांचे मूळ म्हणून हृदय आणि महास्रोतस यांची नावे येतात. फुप्फुसाचे नाव तिथे नाही.

यात प्राचीनांना कमी लेखण्याचे कारण नाही. दम लागणे, उचकी, खोकला यांचे त्यांचे निरीक्षण फार बारीक आहे. फुप्फुस ही वायूंची देवघेव करणारी पेढी आहे, ही कल्पना मात्र त्यांच्याकडे नव्हती, आणि हवेचे घटक कळण्याआधी ती जगात कोणाकडेच असू शकत नव्हती.

नगरच्या वाचकांना ‘गुणे’ म्हटले की गंगाधरशास्त्री गुणे आठवतात. १९१७ साली त्यांनी इथे आयुर्वेदाचे विद्यालय काढले आणि आज त्यांच्याच नावाने ते चालते. जुने शास्त्र नव्या काळात कसे शिकवायचे, हा त्यांच्या पिढीचा प्रश्न होता. त्याच पिढीतल्या दुसऱ्या एका गुण्यांनी हा प्रश्न थेट श्वासाला लावला. आपला विषय ते दुसरे गुणे.

जगन्नाथ गणेश गुणे

त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, बडोदे संस्थानातल्या डभोईचा. संस्कृतात हुशार. बडोद्याला जुम्मादादा व्यायामशाळेत प्रोफेसर माणिकरावांकडे त्यांनी देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. पुढे खानदेशात अमळनेरला ते राष्ट्रीय शिक्षणाच्या कामात होते. नर्मदाकाठच्या मालसरचे परमहंस माधवदासजी हे त्यांचे योगातले गुरू. हे गुणे पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले गेले.

गुरूंकडून मिळालेली विद्या त्यांनी डोक्यावर घेतली आणि ती तपासायलाही काढली, हे त्यांचे वेगळेपण. १९२० च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांची क्ष-किरणांखाली पाहणी करवली. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झाले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक निघाले. एका अंगाला आश्रम, दुसऱ्या अंगाला प्रयोगशाळा, असे हे घर होते. त्रैमासिकात आसनांच्या वर्णनाशेजारी दाबांची कोष्टके आणि क्ष-किरणांची छायाचित्रे छापली जात.

त्यांच्या सुरुवातीच्या कामात सर्वांत गाजलेला शोध श्वसनाच्या यंत्रणेचाच आहे. बस्ती करणारा साधक पाण्यात बसून नौली करतो आणि पाणी आपोआप मोठ्या आतड्यात वर चढते. हे कसे होते? परंपरेचे उत्तर होते, अपान वायूच्या बळाने. कुवलयानंदांनी आतड्यात नळी घालून ती पाऱ्याच्या दाबमापकाला जोडली. नौलीच्या क्षणी आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली उतरत होता. म्हणजे आत अर्धवट निर्वात जागा तयार होत होती आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलत होती. गुरूंच्या स्मरणार्थ त्यांनी या निर्वाताला माधवदासजींचे नाव दिले.

याची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे, कारण आपण रोज तीच वापरतो. फुप्फुसाला स्वतःचा स्नायू नसतो. छातीचा पिंजरा बरगड्यांमधल्या स्नायूंनी रुंदावतो, खालचे श्वासपटल घुमटासारखे असते ते सपाट होऊन खाली येते, पिंजऱ्यातली जागा वाढते, आतला दाब कमी होतो आणि हवा आत येते. आपण हवा ओढतो असे म्हणतो, पण खरे तर आपण जागा करून देतो आणि हवा आपल्या पायाने येते. उड्डियानात साधक आधी सगळी हवा बाहेर टाकतो, गळ्याची वाट बंद ठेवतो आणि मग श्वास घेतल्यासारखा पिंजरा रुंदावतो. हवेला वाट नसल्यामुळे रिकामी जागा भरायला श्वासपटलच वर खेचले जाते, पोट खपाटीला जाते, आणि दाब खालीपर्यंत उतरतो. जे अपानाचे बळ वाटत होते ते श्वासपटलाचे होते. आपल्या गुरुपरंपरेच्या स्पष्टीकरणाला बाजूला ठेवून हे लिहिणे सोपे गेले नसावे.

प्राणवायूचा जमाखर्च

मग ते प्राणायामाकडे वळले. दीर्घश्वसनाने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो, अशी लाट त्या काळात युरोप-अमेरिकेच्या व्यायामपुस्तकांत होती आणि आपल्याकडच्या योगप्रचारकांनी ती आनंदाने उचलली होती. योगाला पाश्चात्त्य विज्ञानाचा शिक्का मिळत होता, तो कोण नाकारील?

कुवलयानंदांनी नाकारला. सोडलेला श्वास गोळा करून त्यातल्या वायूंचे पृथक्करण करण्याची पद्धत तेव्हा जगभर रूढ झाली होती. सोडलेली हवा पिशवीत धरायची, तिचे आकारमान मोजायचे, नमुन्यातला कर्बवायू कॉस्टिक पोटॅशमध्ये शोषू द्यायचा आणि उरलेल्यातला प्राणवायू दुसऱ्या द्रावणात. काय घेतले आणि काय टाकले, याचा हिशेब मांडता येतो. लोणावळ्याच्या मापनांतून कुवलयानंदांचे मत असे बनले की प्राणायामात नेहमीच्या श्वसनापेक्षा जास्त प्राणवायू शरीरात जातो, ही समजूत बरोबर नाही. प्राणायामाची किंमत त्यात होणाऱ्या दाबांच्या बदलांत आणि मज्जासंस्थेवरच्या परिणामांत शोधली पाहिजे, प्राणवायूच्या मापात नव्हे. १९३१ च्या आपल्या ‘प्राणायाम’ या पुस्तकातही त्यांनी हीच भूमिका मांडली.

आजच्या शरीरशास्त्राने पाहिले तर यात नवल नाही. स्वस्थ बसलेला माणूस एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली १५० मिलिलिटरच्या आसपास हवा नाक, घसा, श्वासनलिका यांच्या वाटेतच राहते, कामाला येत नाही. उरलेली ३५० कोट्यवधी वायुकोशांपर्यंत पोचते. मिनिटाला १२ श्वास धरले तर कामाची हवा ४,२०० मिलिलिटर. आता तेवढीच हवा मिनिटाला फक्त ६ सावकाश श्वासांत घेतली, एकेक लिटरचा श्वास, तर वाटेत वाया जाणारी हवा निम्म्यावर येते आणि कामाची हवा ५,१०० होते. संथ श्वास किफायतशीर आहे, हे खरेच.

पण पुढची पायरी रक्ताची. निरोगी माणसाच्या फुप्फुसातून निघालेल्या रक्तातले हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेले असते. भरल्या घागरीवर आणखी किती ओतणार? रक्तद्रवात नुसता विरघळून राहणारा प्राणवायू फार थोडा, १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ०.३ मिलिलिटर. हिमोग्लोबिनला बांधलेला मात्र २० च्या जवळपास. शिवाय आपण सोडलेल्या श्वासातही सुमारे १६ टक्के प्राणवायू शिल्लक असतो. निरोगी शरीराला तुटवडा हवेचा नसतोच.

या हिशेबाची दुसरी बाजू एका पाहुण्याने दाखवली. त्रावणकोरकडचे कोवूर थॉमस बेहनन अमेरिकेत येल विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधक होते. १९३० च्या दशकाच्या आरंभी ते लोणावळ्याला येऊन राहिले, कुवलयानंदांकडे योग शिकले आणि स्वतःवरच प्रयोग केले. १९३७ साली त्यांचे पुस्तक आले. त्यांच्या मोजणीत प्राणायामाच्या वेळी प्राणवायूचा वापर वाढलेला दिसला. उज्जायीत २४.५ टक्के, भस्त्रिकेत १८.५, कपालभातीत १२.

वरवर हे कुवलयानंदांच्या उलट आहे. दोघांच्या आकड्यांत फरक आहेच, आणि पूरक, कुंभक, रेचक यांचे प्रमाण बदलले की असा हिशेब बदलतो. पण बेहननचा आकडा काय सांगतो हे नीट वाचले पाहिजे. तो प्राणवायूच्या खर्चाचा आकडा आहे. भस्त्रिका करताना पोटाचे आणि छातीचे स्नायू राबतात आणि राबणारा स्नायू प्राणवायू जाळतो. म्हणजे वाढलेली आवक बरीचशी त्या कष्टातच खर्ची पडते. शिल्लक वाढत नाही. ज्याची फुप्फुसे सुजलेली आहेत, ज्याचा आकडा ८८ वर आहे, त्याने भाता चालवणे म्हणजे घरात धान्य नसताना पंगत बसवणे. नानांना मी हेच सांगितले. फिटर माणूस, लगेच कळले. "म्हणजे कॉम्प्रेसरच सगळी वीज खात होता," ते म्हणाले.

बेहननचा आणखी एक निष्कर्ष सांगायला हवा. प्राणायामानंतर लगेच त्यांनी स्वतःवर बेरजा वगैरे मानसिक कामांच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा मन चपळ होण्याऐवजी काहीसे मंदावलेले आढळले. गुरूच्या घरी राहून शिष्याने असे छापले, आणि तरीही त्या घराचे नाव त्यामुळे वाढलेच.

खड्ड्यातला माणूस

श्वास घ्यायची ऊर्मी नेमकी कशाने येते, हा पुढचा प्रश्न. ऑक्सफर्डमध्ये हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ साली दाखवून दिले होते की स्वस्थ अवस्थेत श्वासाचा लगाम मुख्यतः कर्बवायूच्या हाती असतो. तो थोडा जरी वाढला तरी मेंदूच्या तळाशी असलेले केंद्र श्वास वाढवते. प्राणवायू बराच खाली जाईपर्यंत शरीर तेवढी ओरड करत नाही. कोरोनात आकडा ८० वर असूनही फोनवर निवांत बोलणारे रोगी डॉक्टरांना भेटत होते, त्याचे एक कारण यात आहे. आपल्या गावाकडची विहिरीत पोहणारी पोरे बुडीआधी भराभर श्वास घेतात. त्यांना वाटते, हवा साठवली. साठत काहीच नाही, कर्बवायू तेवढा धुऊन निघतो. मग वर येण्याची सूचनाच उशिरा मिळते आणि पाण्याखाली शुद्ध हरपते. भस्त्रिकेनंतर कुंभक लांबतो तो बराचसा याच कारणाने.

याची मोठी परीक्षा भूगर्भसमाधीने घेतली. जमिनीत पुरून घेऊन तासन्‌तास जिवंत राहणारे योगी म्हणजे जत्रेतला चमत्कार. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी रामानंद योगींना हवाबंद पेटीत बसवून मोजणी केली आणि १९६१ साली प्रसिद्ध केली. योगींचा प्राणवायूचा वापर मूलभूत गरजेच्याही खाली गेलेला आढळला. म्हणजे श्वासावरच्या साधनेला काही अर्थ होता, पण तो प्राणवायू कमी वापरण्याचा होता!

कैवल्यधामातही करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांनी हवाबंद खड्डा करून त्यात माणसे बसवली. योगाचा अभ्यास असलेली आणि नसलेलीही. साधी माणसेही त्या खड्ड्यात कित्येक तास राहू शकली. बाहेर यायची वेळ आणली ती प्राणवायू संपल्याने नव्हे, तर साठत गेलेल्या कर्बवायूने. स्वामी कुवलयानंद १८ एप्रिल १९६६ रोजी गेले आणि या अभ्यासाचे लेख त्यानंतर प्रसिद्ध झाले. पण त्यांनी घालून दिलेला शिरस्ता तोच होता. आधी मोजा, मग बोला. योगाच्या संस्थेनेच समाधीच्या चमत्काराला खड्ड्याच्या आकारमानाचा आणि कर्बवायूच्या टक्केवारीचा प्रश्न करून टाकले.

उरलेले उत्तर

मग प्राणायामात काही नाही का? असे कुवलयानंद म्हणाले नव्हते, आणि मीही म्हणत नाही. संथ श्वासाने नाडी आणि रक्तदाब यांवर परिणाम होतो, हे पुढच्या अभ्यासांत दिसत आले आहे. बरे झालेल्या रोग्याला श्वासाचे स्नायू पुन्हा कामाला लावायला संथ व्यायाम उपयोगी पडतो. नाना आता सकाळी दहा मिनिटे सावकाश श्वास घेतात, डॉक्टरांना विचारून. प्रश्न कधी, कोणी आणि कशासाठी, एवढाच आहे.

त्याच एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरी असलेल्या रोग्यांसाठी पालथे झोपण्याची पद्धत सांगितली होती. तिने अनेकांचा आकडा खरोखर सुधारला. कारण शारीरिक आहे. फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. उताणे झोपल्यावर तो हृदयाच्या आणि पोटाच्या भाराखाली दबतो. पालथे झाले की तो मोकळा होतो आणि जिथे रक्त आहे तिथे हवा पोचते. यात कष्ट नाही, चमत्कार नाही, म्हणून चित्रफीतही फारशी पसरली नाही. नानांपर्यंत ती पोचली नव्हती. पोचली असती तरी दवाखाना टाळून भागले नसतेच, पण ते दोन दिवस भाता चालवण्यात गेले नसते.

मला खंत वाटते ती याची. लोणावळा नगरहून फार लांब नाही. तिथे मराठी माणसांनी नव्वद वर्षांपूर्वी जे मोजून ठेवले, ते आपल्याला इतके अपरिचित राहिले की महामारीत आपण त्याच्या नेमके उलट वागलो, आणि तेही योगाच्या नावाने. कुवलयानंदांचे नाव आपण भक्तीने घेतो, त्यांची कोष्टके उघडत नाही.

नानांच्या प्रश्नाचे उत्तर मी शेवटी असे दिले. नाना, प्राणायामातला प्राण जुना आहे आणि सिलिंडरमधला प्राणवायू नवा. आडनाव एक, पण घराणी दोन. नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सर, हे शाळेत ज्या दिवशी प्राणवायू शिकवतात, त्याच दिवशी सांगायला पाहिजे होते."